काही बिनसले तर कोण निस्तरणार? ऑनलाइन खरेदी स्वीकारण्यामागचे ग्राहकाचे गणित

इंग्लंडच्या ईशान्य भागातील गेट्सहेड या गावी मे १९८४ मध्ये जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या बाईंनी घरातल्या खुर्चीत बसून, दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटची बटणे दाबत, रोजच्या गरजेच्या काही जिनसांची मागणी नोंदवली. ती दूरध्वनीच्या तारेवरून टेस्को या दुकानापर्यंत पोहोचली आणि सामान घरपोच आले. घरबसल्या केलेल्या ऑनलाइन खरेदीचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. त्यामागचे तंत्र मायकेल ऑल्ड्रिच या इंग्रज उद्योजकाने १९७९ मध्ये तयार केले होते, आणि वृद्धांची व घराबाहेर पडणे अवघड असलेल्यांची सोय व्हावी म्हणून तिथल्या नगर परिषदेने हा प्रयोग हाती घेतला होता. स्नोबॉल बाईंच्या खुब्याचे हाड मोडलेले होते.

ही घटना मला फार बोलकी वाटते, कारण ऑनलाइन व्यवहारांविषयीच्या एका रूढ समजुतीला ती आरंभीच छेद देते. वय वाढले की माणूस नव्या तंत्राला बिचकतो, तरुण ते चटकन उचलतात आणि जो उचलत नाही तो अडाणी किंवा भित्रा असतो, असे आपण सहज बोलून जातो. इथे तर सत्तरी ओलांडलेली एक स्त्री जगातल्या पहिल्या ऑनलाइन ग्राहकांपैकी एक ठरली. त्यांच्या बाजूने काय काय होते ते पाहावे. बाहेर जाणे खरोखरच कठीण झाले होते, त्यामुळे घरपोच सेवा ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. हातातले यंत्र रोजच्या सवयीचे होते. दुकान नावाजलेले होते. शिवाय मध्ये नगर परिषद उभी होती, त्यामुळे काही चुकलेच तर दाद कुठे मागायची हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. या शेवटच्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार गोष्ट तीच आहे.

ऑनलाइन खरेदी असो, बँकेचे ॲप असो, डॉक्टरांचा व्हिडिओवरून घेतलेला सल्ला असो किंवा एखादी सरकारी सेवा असो, ती स्वीकारायची की नाही हे ठरवताना ग्राहकाच्या मनात दोन प्रश्न एकाच वेळी चालू असतात. यामुळे माझे कोणते काम हलके होणार, हा पहिला. आणि काही बिनसले तर ते निस्तरायचे कुणी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर कंपन्या आणि सरकारे भरभरून बोलतात. दुसऱ्यावर फारसे कुणी बोलत नाही, आणि ग्राहकाचा पाय नेमका तिथेच अडतो.

पहिल्या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास बऱ्याच आधी सुरू झाला. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसे संगणकावरचा एखादा प्रोग्रॅम वापरू लागतात ते कशाच्या जोरावर, हे त्यांना शोधायचे होते. १५२ जण आणि चार प्रोग्रॅम यांचा अभ्यास करून त्यांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या: वापरणाऱ्याला जाणवणारी उपयुक्तता आणि वापरणाऱ्याला जाणवणारी सुलभता. यातला 'जाणवणारी' हा शब्द महत्त्वाचा आहे. सेवा प्रत्यक्षात किती उपयोगी आहे यापेक्षा ती समोरच्याला किती उपयोगी वाटते, यावर निर्णय ठरतो. डेव्हिस यांना आढळले की या दोहोंत उपयुक्ततेचा प्रत्यक्ष वापराशी असलेला संबंध बराच घट्ट आहे. वापरायला थोडी किचकट पण खूप उपयोगी असलेली गोष्ट माणूस खटपट करून शिकतो. वापरायला अगदी सोपी पण फारशी उपयोगी नसलेली गोष्ट मात्र कुणी हाती धरत नाही. सुलभतेचे काम बहुधा आडवळणाने होते, म्हणजे गोष्ट सोपी असली की ती अधिक उपयोगीही वाटू लागते.

हे प्रारूप पुढे इतके गाजले की ऑनलाइन खरेदीच्या अभ्यासातही ते जसेच्या तसे वापरले गेले. मात्र कार्यालयातला कर्मचारी आणि घरचा ग्राहक यांच्यात मोठा फरक आहे. कर्मचाऱ्याला यंत्र कार्यालय देते, शिकवणारा माणूस कार्यालय पुरवते आणि चूक झाली तर सहसा नुकसानही कार्यालयाचेच होते. ग्राहकाला हे सारे स्वतःच्या वेळेतून आणि खिशातून भागवावे लागते. विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आठ जुनी प्रारूपे एकत्र करून नवे प्रारूप मांडले, तेव्हा अपेक्षित लाभ आणि अपेक्षित कष्ट यांच्या जोडीला आसपासच्या लोकांचा प्रभाव आणि पूरक सोयीसुविधा हे दोन घटक त्यात आले. तेही मुख्यतः संस्थांमधल्या वापराविषयी होते. २०१२ मध्ये हाँगकाँगमधील मोबाइल इंटरनेटच्या १,५१२ ग्राहकांचा अभ्यास करून त्यांनी खास ग्राहकांसाठी त्यात आणखी तीन घटकांची भर घातली: वापरण्यातला आनंद, मोजलेल्या पैशाचा मोबदला आणि सवय. आपल्या खिशातून पैसे जाऊ लागले की माणूस वेगळ्या नजरेने बघतो, हे यातून शास्त्राने मान्य केले असे म्हणता येईल.

लाभ म्हटला की आपल्यासमोर आधी स्वस्त भाव येतो. तो महत्त्वाचा असतोच, पण ग्राहकाला होणारा मोठा फायदा कधीकधी दुसरीकडेच दडलेला असतो. एरिक ब्रिन्यॉल्फसन, जेफ्री हू आणि मायकेल स्मिथ यांनी २००३ मध्ये ऑनलाइन पुस्तकविक्रीचा हिशेब मांडला. एरवी कोणत्याही दुकानाच्या फळीवर दिसणार नाहीत अशी दुर्मिळ पुस्तके मिळू लागल्यामुळे ग्राहकांना झालेला लाभ हा, कमी किमतींमुळे झालेल्या लाभाच्या सात ते दहा पट होता. म्हणून ज्याला जवळच्या दुकानात हवे ते मिळते त्याला ऑनलाइन खरेदीचे अप्रूप वाटत नाही, आणि ज्याच्या मापाचे, आवडीचे किंवा गरजेचे आजूबाजूला काहीच मिळत नाही तो पहिल्या झटक्यात तिकडे वळतो. दोघांच्या तंत्रज्ञानात फरक नसतो, फरक असतो तो त्यांच्या गरजेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समोरासमोरच्या खरेदीत पैसे देणे आणि वस्तू घेणे या दोन क्रिया एकाच क्षणी घडतात. एका हाताने द्यावे, दुसऱ्या हाताने घ्यावे, आणि मन मानले नाही तर तिथल्या तिथे परत फिरावे. ऑनलाइन व्यवहार या दोन क्रियांची ताटातूट करतो. पैसे आज जातात आणि वस्तू काही दिवसांनी येते. मधल्या काळात ग्राहकाजवळ एक मागणी क्रमांक सोडला तर काहीच नसते. ऑनलाइन व्यवहारांविषयीची बहुतेक भीती या मधल्या काळात जन्म घेते.

खरेदी म्हणजे जोखीम पत्करणे, हा विचार रेमंड बॉवर यांनी १९६० मध्येच मांडला होता, म्हणजे इंटरनेट जन्माला येण्याच्याही आधी. पुढे १९७२ मध्ये जेकब जॅकोबी आणि लिऑन कॅप्लन यांनी या जोखमीचे प्रकार वेगळे केले. पैसे बुडतील ही एक धास्ती. वस्तू सांगितल्याप्रमाणे काम करणार नाही ही दुसरी. तिच्यापासून शरीराला इजा होईल ही तिसरी. घेतल्यावर ती आपल्याला शोभत नाही असे मनाला वाटत राहील ही चौथी. आणि लोक हसतील ही पाचवी. ऑनलाइन व्यवहारात या पाचांच्या जोडीला आणखी दोन येतात. परत पाठवण्याच्या आणि तक्रारीच्या खटाटोपात वेळ वाया जाण्याची, आणि आपली माहिती भलत्याच्या हाती पडण्याची.

'लोक हसतील' ही धास्ती वरवर क्षुल्लक वाटते, पण तिला कमी लेखू नये. फसवणूक झाली तर पैसे जातात ते जातातच, वर घरात ऐकून घ्यावे लागते की "तुला कुणी सांगितले होते ते दाबायला?" ज्यांच्या हाती घरातला पैसा नसतो, ज्यांना प्रत्येक खर्चाचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागतो, त्यांच्यासाठी हे बोलणे गेलेल्या रकमेपेक्षा जड असते. अशी माणसे दूर राहतात तेव्हा त्यांना तंत्र कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. चुकीची किंमत आपल्याला किती मोजावी लागेल हे त्यांना फार चांगले कळलेले असते.

त्यातच तोटा मनाला नफ्यापेक्षा अधिक झोंबतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हे दाखवून दिले, आणि १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात तोट्याचे वजन नफ्याच्या सुमारे सव्वादोन पट निघाले. सवलतीत वाचणारी रक्कम आणि बुडण्याची भीती असलेली रक्कम कागदावर सारखी असली, तरी मनाच्या तराजूत ती सारखी नसते. म्हणूनच नुसत्या सवलतींचा भडिमार करून बिचकणारा ग्राहक जागचा हलत नाही. त्याची जोखीम कमी करणारी साधी हमी त्याला अधिक हलवते.

जोखीम प्रत्येक वस्तूगणिक बदलते. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन गट पाडले: पाहून किंवा वर्णन वाचून पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा गट सांगितला, ज्यातल्या सेवांचा कस वापरल्यानंतरही कळत नाही. पुस्तक पहिल्या गटात मोडते. लेखक, आवृत्ती आणि पृष्ठसंख्या कळली की बहुतेक काम झाले. बूट दुसऱ्या गटातले. माप तेच असले तरी प्रत्येक बूट पायात वेगळा बसतो. वैद्यकीय सल्ला किंवा यंत्राची दुरुस्ती ही तिसऱ्या गटातली; सांगितलेली तपासणी खरोखर आवश्यक होती का, हे रोग्याला बरे झाल्यावरही सांगता येत नाही. ऑनलाइन पुस्तकविक्री आधी बहरली आणि ऑनलाइन वैद्यकीय सल्ला रुजायला वेळ लागला, याचे बरेचसे उत्तर या वर्गवारीत सापडते.

स्पर्शाचाही यात वाटा आहे. जोन पेक आणि टेरी चाइल्डर्स यांनी २००३ मध्ये माणसाची स्पर्शाची गरज मोजणारी १२ विधानांची मोजपट्टी तयार केली, आणि ही गरज माणसागणिक खूप वेगळी असते असे दाखवले. काहींचे वर्णनावर भागते. काहींना कापड बोटांत घेतल्याशिवाय ते आपले वाटत नाही. अशा ग्राहकाला मोठे छायाचित्र पुरत नाही, त्याला घरी आणून पाहण्याची आणि न आवडल्यास विनाकटकट परत करण्याची मुभा हवी असते.

इथे एक प्रसंग जवळून पाहावा. एक गृहस्थ पहिल्यांदाच ऑनलाइन पैसे भरत आहेत. कार्डावरचा क्रमांक ते चार-चार आकड्यांच्या गटांनी, बोट ठेवत, टाकतात. ओटीपी दुसऱ्या पडद्यावर येतो. तो पुटपुटत लक्षात ठेवून मूळ पानावर परत येईपर्यंत मुदत संपते. दुसरा ओटीपी मागवतात. या वेळी जमते, आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागते. त्याखाली सूचना असते: 'कृपया मागे जाऊ नका, पान पुन्हा लोड करू नका.' चक्र फिरत राहते. हातातला फोन थरथरतो, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो, आणि पडद्यावर शब्द उमटतात: 'व्यवहार अपूर्ण राहिला.' मुरलेल्या माणसाला ठाऊक असते की असे अडकलेले पैसे बहुतेकदा काही दिवसांत आपोआप खात्यात परत येतात, आणि तो चहा घ्यायला उठतो. पहिल्यांदाच हे पाहणाऱ्याला ते कुणी सांगितलेले नसते. त्याच्या दृष्टीने पैसे गेले आहेत, वस्तू मिळालेली नाही, विचारायला समोर माणूस नाही, आणि मागे जाऊ नका असे बजावलेले असताना आपलेच बोट कुठे चुकीच्या जागी पडले का, ही शंका त्याला छळत असते.

ती सूचना मी कितीदा तरी वाचली आहे, आणि दर वेळी मला वाटते की यंत्रणेने आपल्या कमजोरीचे ओझे ग्राहकाच्या बोटावर टाकले आहे. त्या क्षणी पडद्यावर एवढेच लिहिलेले असते की 'आपले पैसे सुरक्षित आहेत, मागणी नोंदली गेली नसल्यास रक्कम अमुक दिवसांत परत येईल, आणि चौकशीसाठी हा क्रमांक आहे', तर तो माणूस पुन्हा आला असता. सुलभता म्हणजे कमी बटणे असे समजले जाते, पण नवख्या माणसाला पुढे काय होणार हे आधी कळणे, यात खरी सुलभता आहे.

विश्वासाकडे आता बारकाईने पाहायला हवे, कारण 'ग्राहकांचा विश्वास जिंकला पाहिजे' हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थच निसटतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मूलभूत अडचण दाखवली. मोटार चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणून सगळ्यांनाच कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे परवडत नसल्यामुळे प्रामाणिक विक्रेते बाजारातून उठून जातात आणि खटारेच उरतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑनलाइन बाजारात विक्रेता दिसत नाही आणि वस्तूही दिसत नाही, म्हणजे ही अडचण दुप्पट होते. तरीही तो बाजार कोसळला नाही, याचे श्रेय ग्राहकांच्या भोळेपणाला देता येणार नाही. अज्ञानाची ही दरी बुजवणाऱ्या काही व्यवस्था हळूहळू उभ्या राहिल्या म्हणून तो टिकला.

त्यांतली एक म्हणजे नावलौकिकाची नोंद. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने १९९६ मध्ये खरेदीदार व विक्रेते यांना एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय दिली. अशा अभिप्रायांना बाजारात खरोखर किंमत असते का, हे पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एका सुंदर प्रयोगातून पाहिले. जुन्या पोस्टकार्डांच्या एका मुरलेल्या विक्रेत्याने एकाच तोडीची पोस्टकार्डे काही स्वतःच्या नावाने आणि काही कोऱ्या, नव्या नावांनी विकायला ठेवली. माल सारखा आणि माणूसही तोच. तरी जुन्या नावाला ग्राहकांनी सुमारे ८.१ टक्के अधिक किंमत मोजायची तयारी दाखवली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वास ही हवेतली गोष्ट नसून तिला मोजता येण्याजोगा भाव असतो, हे यातून दिसले. अर्थात जिथे भाव असतो तिथे भेसळही शिरते. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय हे त्याचेच रूप आहे, आणि ज्या बाजारात ते माजतात तिथे खऱ्या अभिप्रायांवरचाही भरवसा उडतो.

दुसरी व्यवस्था म्हणजे पैसे मध्यस्थाने धरून ठेवणे. २००४ मध्ये चीनमध्ये स्थापन झालेल्या अलीपे या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळवली: खरेदीदाराचे पैसे आधी मध्यस्थाकडे जातात, वस्तू मिळाल्याचे त्याने कळवले की मगच ते विक्रेत्याला मिळतात. वर सांगितलेली पैसे आणि वस्तू यांची ताटातूट इथे पुन्हा सांधली जाते. वस्तू हाती आल्यावर रोख देण्याची पद्धतही तेच काम करते. ती मागासलेपणाची खूण आहे असे समजणारे तिचा हेतूच विसरतात.

तिसरी आणि सर्वांत पक्की व्यवस्था म्हणजे कायदा. युरोपीय संघात २०१४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांच्या आत, कोणतेही कारण न देता, परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचा कुणी परस्पर वापर केला तर ग्राहकावर कायद्याने जास्तीत जास्त ५० डॉलरचाच भार पडतो, आणि हे संरक्षण ऑनलाइन खरेदी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. तिथले ग्राहक कार्डाचा क्रमांक अनोळखी पानावर टाकायला लवकर तयार झाले, यात त्यांच्या धाडसापेक्षा या तरतुदीचा हात मोठा आहे असे मला वाटते. नुकसानीची कमाल मर्यादा आधी ठाऊक असली की पाऊल टाकणे सोपे जाते.

आसपासच्या माणसांचा प्रभाव हा स्वतंत्र विषय आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी मक्याचे संकरित बियाणे कसे स्वीकारले याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या बियाण्याची पहिली खबर बहुधा विक्रेत्याकडून मिळे, पण मन वळे ते शेजाऱ्याच्या अनुभवामुळे. शिवाय जवळजवळ कुणीच सगळे शेत एकदम नव्या बियाण्याखाली आणले नाही. आधी एका तुकड्यात पेरून पाहिले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या कल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला, तेव्हा या अभ्यासाचा त्यांना मोठा आधार झाला. थोड्या प्रमाणात चाखून पाहण्याची सोय आणि दुसऱ्याचा अनुभव डोळ्यांना दिसणे, या दोन गोष्टी नव्या कल्पनेचा प्रसार सोपा करणाऱ्या गुणांच्या त्यांच्या यादीत आहेत. आजचा ग्राहकही आधी लहानशी, बुडाली तरी हळहळ वाटणार नाही अशी वस्तू मागवतो. ती नीट आली की मोठी मागवतो. जी सेवा पहिल्याच पायरीवर वर्षभराची वर्गणी किंवा सगळी कागदपत्रे मागते, ती हा चाचणीचा तुकडाच ग्राहकाकडून काढून घेते.

माणसाचा चेहरा डिजिटल सेवेला किती बळ देतो, याचे उत्तम उदाहरण केनियात आहे. तिथे २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवर चालत होती. मात्र तिचा खरा कणा होता तो गावोगावच्या प्रतिनिधींचा. रोख देऊन खात्यात जमा करायची किंवा खात्यातून रोख घ्यायची, तर जवळच्या टपरीत ओळखीचा माणूस बसलेला असे. पडद्यावरच्या आकड्याची रोकड होते हे लोक रोज पाहत होते.

क्षमतेवरचा विश्वास हा आणखी एक घटक, आणि इथे घरातली माणसेच नकळत नुकसान करतात. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये दाखवले की 'मला हे जमेल' ही भावना सर्वांत अधिक बळकट होते ती स्वतः करून यश मिळाल्यावर. दुसऱ्याला करताना पाहणे किंवा कुणी धीर देणे यांचा परिणाम त्याहून कमी असतो. आता घरोघरी दिसणारे दृश्य आठवावे. आई फोन हातात घेऊन काहीतरी शोधते आहे, दोनदा चुकते, आणि मुलगा म्हणतो, "आई, दे इकडे, मी करतो." दहा सेकंदांत काम होते. मुलाला वाटते आपण मदत केली. आईच्या पदरी मात्र एवढेच पडते की हे आपले काम नव्हे. मुलाने हात मागे बांधून शेजारी बसावे आणि आईला तीनदा चुकू द्यावे, तर वेळ दहा मिनिटे जाईल, पण चौथ्यांदा तिला कुणाची गरज लागणार नाही.

इच्छा आणि क्षमता असूनही वाट अडते, तेव्हा कारण मनात नसून बाहेर असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातले सुमारे ५५० कोटी लोक, म्हणजे ६८ टक्के, इंटरनेट वापरत होते आणि २६० कोटी त्याबाहेर होते. पुरुषांत हे प्रमाण ७० टक्के तर स्त्रियांत ६५ टक्के होते. जोडणी असूनही फोन घरात एकच असेल आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती पडत असेल, तर ग्राहक कागदोपत्रीच ऑनलाइन असतो. अपंग व्यक्तींना संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम १९९९ पासून उपलब्ध आहेत, तरी दृष्टिहीन व्यक्तीला पडदावाचकाच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) साहाय्याने खरेदी पूर्ण करता येणार नाही अशी पाने आजही सर्रास भेटतात. भाषेचेही तसेच आहे. वस्तूची नावे आपल्या भाषेत आणि परताव्याच्या अटी परक्या भाषेत असतील, तर ग्राहकाला नेमके हवे ते कळत नाही.

खासगी माहितीविषयी लोक जे बोलतात आणि जे करतात त्यात अंतर असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काळजी व्यक्त करणारा माणूस थोड्याशा सोयीसाठी आपला जन्मदिनांक देऊन टाकतो. यावरून त्याला काळजीच नाही असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. पुष्कळदा त्याच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो. सगळ्याला होकार द्या किंवा परत जा.

त्याहून वाईट म्हणजे मुद्दाम रचलेले चकवे. प्रिन्स्टन विद्यापीठातील अरुणेश माथुर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदीस्थळे तपासली आणि त्यांतल्या सुमारे ११ टक्के स्थळांवर असे १,८१८ चकवे टिपले: खोटी उलटमोजणी, हळूच टोपलीत टाकलेली जादा वस्तू, नकाराचे बटण लपवणे. टोपली भरून खरेदी अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण सरासरी सुमारे ७० टक्के असल्याचे बेमार्ड इन्स्टिट्यूट या डॅनिश संस्थेच्या संकलनात दिसते. त्यातले पुष्कळ जण नुसते बघे असतात, पण खरी खरेदी करायला आलेल्यांच्या कारणांत शेवटच्या पानावर उगवणारे जादा आकार अग्रभागी असतात. ग्राहक तिथून परततो तो गणित चुकले म्हणून नव्हे; ज्याने किंमत लपवली तो परतावा देताना काय लपवेल, हा विचार त्याच्या मनात येतो.

शेवटी, पहिला वापर म्हणजे स्वीकार नव्हे. २०२० च्या महामारीत कोट्यवधी लोकांना पर्यायच उरला नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या आकडेवारीत एकूण किरकोळ विक्रीतला ऑनलाइन विक्रीचा वाटा त्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत एकदम उसळलेला दिसतो. नंतर तो थोडा ओसरला, पण आधीच्या पातळीवर परत गेला नाही. सक्तीने टाकलेल्या पावलांपैकी काही सवयीत मुरली, काही मुरली नाहीत. अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये ऑनलाइन बँकेच्या ग्राहकांचा अभ्यास करून दाखवले की वापर चालू राहतो तो मुख्यतः समाधानावर, आणि समाधान ठरते ते आधी बाळगलेली अपेक्षा प्रत्यक्षात कितपत उतरली यावर. या अपेक्षेची कसोटी सुरळीत पार पडलेल्या दहा व्यवहारांत लागत नाही. ती लागते अकराव्यात, जेव्हा चुकीची वस्तू येते आणि ग्राहक पहिल्यांदाच 'परत करा' या बटणावर बोट ठेवतो.

त्या बटणामागे एखादा माणूस असेल, तीन दिवसांत पैसे येत असतील, तर तो ग्राहक पुढे आपण होऊन शेजाऱ्याला शिकवतो. तिथे नुसते ठरावीक उत्तर देणारे यंत्र असेल तर तो भांडतही नाही. ॲप फोनमध्ये तसेच राहते, खाते चालूच दिसते, कंपनीच्या यादीत तो ग्राहक म्हणून मोजलाही जातो, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तो पायात चपला घालून दुकानाकडे चालू लागतो.